करकरणाऱ्या ब्रेकचा नियम

सकाळी नऊच्या ठोक्याला दादाची गाडी दुकानासमोरून गेली. मिस्त्री रस्त्याकडे पाठ करून ड्रम घासत बसला होता, पण वळणाच्या अलीकडे दादाने ब्रेक दाबला आणि "खर्रर्रर्र" असा आवाज आला तशी त्याची मान आपोआप वर झाली. ब्रेकचं अस्तर झिजून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज होता तो. तीस वर्षं ब्रेकचं काम केलेल्या माणसाला त्यासाठी चाक उघडावं लागत नाही.

"लायनर संपला," तो स्वतःशीच पुटपुटला. "आता नुसते रिव्हेट घासतायत."

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मिस्त्रीने रस्त्यात आडवं पडून ती थांबवली असती. कारण वळणापलीकडे चांगला तीव्र उतार होता आणि उताराच्या टोकाला शाळा. पण गाडी त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाची होती, आणि त्याच्याशी तो अकरा वर्षं बोलला नव्हता.

भांडण म्हणावं तर तसं भांडणही नव्हतं. वडील गेले तेव्हा दादा ऑफिसच्या कामासाठी परगावी होता. तो धावतपळत घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दवाखान्याच्या बाकड्यावर आठ रात्री काढलेल्या मिस्त्रीने त्याला दारातच विचारलं, "आता कशाला आलास?" तीनच शब्द. दादाने पायातली चप्पलसुद्धा काढली नाही. तसाच वळला आणि गेला. ते शब्द परत घ्यावेत असं मिस्त्रीला दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं, तिसऱ्या दिवशीही वाटलं, आणि असं वाटण्यात अकरा वर्षं निघून गेली. एवढंच की दादाची गाडी रोज नऊला दुकानासमोरून जायची. दादा ऑफिसला निघाला, म्हणजे दादा बरा आहे, असं समजून मिस्त्री पुन्हा कामाला लागायचा.

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि सांगा त्यांना. मैलभरसुद्धा लांब नाही घर."

"काय म्हणून जाऊ?"

"भाऊ म्हणून जायचं नसेल तर मेकॅनिक म्हणून जा."

"मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या दारात जात नाही," मिस्त्री म्हणाला. खरं तर तो कितीतरी जणांच्या दारात गेला होता, आणि हे बायकोला माहीत होतं. तिने नुसता डबा आवरला.

मग मिस्त्रीला ती नामी युक्ती सुचली. दादा आयुष्यभर हेडक्लार्क. त्याच्यावर माणसाच्या बोलण्याचा परिणाम व्हायचा नाही, पण नियम म्हटला की तो ताठ उभा राहायचा. वीज गेलेली असली तरी सिग्नलपाशी गाडी थांबवून तो दोन्हीकडे बघत बसे. तेव्हा दादाला हलवायचं तर नियमच हवा. आणि तो दादाच्या कानावर घालायचा तर औषधवाल्यासारखा माणूस नाही. दादा दर सोमवारी त्याच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जायचा, आणि औषधवाला गोळ्यांबरोबर चार बातम्या फुकट द्यायचा.

मिस्त्रीने डोकं दुखत नसताना डोकेदुखीची गोळी मागितली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "ऐकलंत का? पर्यावरणवाल्यांचा नवा नियम येतोय म्हणे. झिजलेल्या ब्रेकची धूळ विषारी असते. एक तारखेपासून ज्याचा ब्रेक करकरेल त्याची गाडी सरळ जप्त."

"काय सांगता!"

"सगळ्यांना लागू नसेल कदाचित. जुन्या मॉडेलच्या गाड्यांनाच. ते कोपऱ्यावरचे हेडक्लार्क आहेत ना, तसली गाडी."

आपण फार हुशारीने नेम धरला असं मिस्त्रीला वाटलं. औषधवाल्याने मात्र त्यातलं "सगळ्यांना लागू नसेल" एवढं सोडून बाकीचं सगळं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दारात चार गाड्या. तिसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी रांग वळणापर्यंत गेली, आणि रांगेतल्या लोकांनी मिस्त्रीलाच नियम समजावून सांगायला सुरुवात केली.

"तीन कलमं आहेत त्यात," एकजण म्हणाला. "पहिलं आवाजाचं, दुसरं धुळीचं."

"आणि तिसरं?"

"तिसरं अजून गुप्त आहे."

एका निवृत्त साहेबांनी तर परिपत्रक डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. कागद हिरवा होता, असंही ते म्हणाले. त्यानंतर शंका घ्यायला कुणाला तोंड उरलं नाही. सायकलवाले आले. दवाखान्यातली नर्स चाकाची खुर्ची ढकलत आली. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिला ब्रेक नाहीच आहे हो. मग नियमात बसते की नाही?" समोरच्या गॅरेजवाल्याने रातोरात पाटी रंगवली, "येथे पर्यावरणमान्य ब्रेक बसवून मिळतील," आणि मिस्त्री त्या पाटीकडे बघून हसला. हसला खरा, पण नजर रांगेतल्या गाड्यांवरून फिरत राहिली. कारण इतक्या सगळ्यांत दादाची गाडी नव्हती. ती रोज नऊला "खर्रर्रर्र" करून निघून जात होती.

आठव्या दिवशी औषधवाला स्वतःच स्कूटर घेऊन आला आणि मिस्त्रीच्या कानाशी लागून म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो, एक नियम येतोय."

"अहो, तो मीच तुम्हाला सांगितला!"

"तुम्ही मोघम सांगितलंत. मला आता तपशील कळलाय."

शेवटी मिस्त्री स्टुलावर चढला आणि रांगेला हात जोडून म्हणाला, "मंडळी, असा काही नियम नाही. माझीच चूक झाली. घरी जा."

रांग हलली नाही. मग मागून आवाज आला, "लायनर दडवून ठेवलेत वाटतं!"

"मोठ्या ओळखीच्यांचं आधी करायचं असेल!"

"खाली उतरा आणि काम करा!"

मिस्त्री खाली उतरला आणि काम करू लागला. खरं बोलल्यावर इतक्या शिव्या त्याने याआधी कधी खाल्ल्या नव्हत्या.

महिना संपत आला तसा गावातला लायनर संपला. मिस्त्रीकडे एकच जोड उरला होता, दादाच्या गाडीच्या मॉडेलचा. तो त्याने लांबून मागवला होता आणि फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला होता. तसलीच जुनी गाडी असलेला एक वकील रोज येऊन त्यासाठी भांडायचा.

"कुणासाठी ठेवलाय एवढा?"

"गिऱ्हाईक यायचंय."

"नाव सांगा त्याचं."

"येईल तेव्हा कळेल," मिस्त्री म्हणायचा आणि रस्त्याकडे बघायचा. बाकी सगळ्या दुकानांतून हात हलवत परत यावं लागलं की दादा इथे येईल, असा त्याचा हिशेब होता. आला की काय बोलायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. "बस," म्हणायचं. एवढं जमलं असतं त्याला.

एकतीस तारखेला नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. रस्त्यावरून गाड्यांमागून गाड्या गेल्या, सगळ्यांचे ब्रेक नवे, सगळ्या लोण्यासारख्या थांबत आणि निघत होत्या. दादाची गाडी आली नाही. एक तारीख उजाडली. कुणाचीही गाडी जप्त झाली नाही, आणि निवृत्त साहेबांनी नियम पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. दुकान ओस पडलं. ज्याला त्याला नवा ब्रेक बसलेला, आता वर्ष-दोन वर्षं कोण कशाला येतंय? मिस्त्रीला त्याचं काही वाटलं नाही. तो दोन तारखेलाही नऊ वाजता मान वर करून बसला होता, तीन तारखेलाही. उताराकडे जाऊन शाळेपाशी काही झालं का तेही बघून आला. विचारायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने, हा प्रश्न होताच.

चार तारखेला वहिनी दुकानात आल्या. हातात छत्री, कपाळावर घाम. मिस्त्री उठून उभा राहिला आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत. गाडी विकली."

"विकली? कुणाला?"

"भंगारवाल्याला. काय करणार? करकरणारी गाडी जप्त करणार म्हणे. हे तीन गॅरेजांत गेले. तिघांनीही सांगितलं, ह्या गाडीचा लायनर गावात एकाच माणसाकडे आहे."

"मग यायचं ना इथे! त्याच्यासाठीच तर ठेवला होता मी."

"आले होते की. पलीकडून त्या वळणापर्यंत आले आणि परत फिरले." वहिनींनी छत्री भिंतीला टेकवली. "मी म्हटलं, जायचं होतं ना पुढे. तर म्हणाले, त्याने परत विचारलं, आता कशाला आलास, तर मी काय सांगू?"

मिस्त्री स्टुलावर बसला. खाली पडलेला पाना त्याने उचलून टेबलावर ठेवला. मग तो म्हणाला, "वहिनी, असा नियम नाहीच. मी उठवला तो. दादाने ब्रेक करून घ्यावा म्हणून. रोज नऊला ऑफिसला जाताना त्या उतारावर..."

"कुठलं ऑफिस, भाऊजी? रिटायर होऊन तीन वर्षं झाली त्यांना."

"मग रोज नऊला?"

"वळणापलीकडे पेट्रोल पंप आहे ना, तिथून वळायचं आणि मागच्या रस्त्याने घरी. उतारावर जातात कशाला? तुमच्या दुकानापुढून जायचं म्हणून निघायचे." त्या थांबल्या. पदराने कपाळ पुसलं. "मी मागेच म्हटलं होतं, ब्रेक करून घ्या, सगळी गल्ली उठते त्या आवाजाने. तर म्हणाले, राहू दे. आवाज झाला की धाकटा मान वर करतो."

मिस्त्री रडला. ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे तोंड काळं झालं, आणि वहिनींनी त्याला स्वतःचा रुमाल दिला.

"चला घरी," त्या म्हणाल्या.

"येतो," मिस्त्री म्हणाला, पण गेला नाही. अकरा वर्षं न बोलता काढली की बोलायला सुरुवात कुठून करायची तेच माणसाला कळेनासं होतं. रात्रभर तळमळल्यावर त्याला एकच उपाय दिसला. दादा यायचा, तसं आता आपण जायचं. रोज नऊ वाजता त्याच्या घरावरून जायचं आणि दारासमोर ब्रेक दाबायचा. दादाला कळेल.

पण त्यासाठी करकरणारी गाडी हवी, आणि तशी गाडी गावात शोधून सापडेना. मिस्त्रीने चौकात उभं राहून तासभर कान दिला. टेम्पो थांबले, रिक्षा थांबल्या, नर्सची चाकाची खुर्चीसुद्धा गेली. एकाचाही हूं की चूं नाही. सगळ्यांचे ब्रेक त्यानेच तर बदलले होते. समोरच्या गॅरेजवाल्याला त्याने विचारलं, "एखादा खराब ब्रेक आहे का रे उसना?" तर तो माणूस त्याच्याकडे बघतच राहिला.

शेवटी मिस्त्रीने स्वतःची स्कूटर आडवी पाडली, तिचे चांगले ब्रेक शू काढले आणि झिजून पत्रा झालेले दोन शू तिला बसवले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चांगला ब्रेक बिघडवला. बायको दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "हळू जा."

पहिल्या दिवशी नऊ वाजता त्याने दादाच्या फाटकासमोर ब्रेक दाबला. "खर्रर्रर्र" असा झकास आवाज झाला, समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं, पण दादाच्या घरातून कुणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ब्रेक दाबला तेव्हा वहिनी फाटकाशी झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि हातातला तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. आतून, वर्तमानपत्रामागून यावा तसा, दादाचा आवाज आला. अकरा वर्षांत तो थोडा घोगरा झाला होता.

"अगं, कुणाचा तरी लायनर संपलाय बघ. त्याला म्हणावं, असा फिरू नकोस, जीव जाईल."

वहिनी मिस्त्रीकडे बघत म्हणाल्या, "सांगते."

"आणि म्हणावं, भलत्याकडे जाऊ नकोस. माझ्या धाकट्याला दाखव. ब्रेक त्यानेच करावा." मग थोडं थांबून, "आहे का तो, की गेला?"

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "ऐकतायत."

"काय म्हणतो?"

मिस्त्रीने वहिनींकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली.

"हो म्हणतायत," वहिनी म्हणाल्या.

"मग आजच जा म्हणावं."

मिस्त्रीने स्कूटरचं इंजिन बंद केलं. दुकान चांगलं पाऊण मैलावर होतं आणि ऊन चढलं होतं. तरी तो स्कूटरवर बसला नाही. दादाने असं फिरू नकोस म्हणून सांगितलं होतं, म्हणून तो ती हाताने ढकलत दुकानापर्यंत घेऊन गेला.