माकडटोपीतलं विरजण

"आजोबा, आ करा. मोठा. अजून मोठा. अहो, कवळी काढा ना आधी!"

भाऊसाहेबांनी नातीच्या हातातल्या टूथपिककडे पाहिलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. सगळी नोकरी त्यांनी दिल्लीत सरकारी फायलींमध्ये काढली होती, पण गालाच्या आतून कुणी खरवडण्याची वेळ आली नव्हती.

"कालच दिले की गं तुला माझे सेल," ते दातांच्या फटीतून म्हणाले.

"काल तुम्ही चहा पिऊन आला होतात. न्यूक्लियसच्या जागी चहापत्ती दिसली मला!"

सृष्टीला वाढदिवसाला मायक्रोस्कोप मिळाला, तेव्हापासून मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये कुणाला चैन नव्हतं. घरातल्या झाडून सगळ्या कांद्यांचे पापुद्रे निघाले. तुळस टकली झाली. शेजारच्या आहुजांच्या फिश टँकमधून थेंबभर पाणी आणायला गेली, तर मगमध्ये एक मासाही आला. शेवटी अंशुमननं, म्हणजे तिच्या बाबानं, सुनावलं होतं, "आता एक जरी तक्रार आली ना सृष्टी, तर हे यंत्र माळ्यावर. दहावीचा रिझल्ट लागेपर्यंत खाली येणार नाही. कळलं?"

कळलं होतं. पण मंगळवारी शाळेत एक्झिबिशन होतं आणि सृष्टीला तिथे जिवंत सेल दाखवायचे होते. बाकी सगळी पोरं थर्माकोलचे आणणार. थर्माकोलच्या सेलचं नुसतं नाव काढलं तरी तिचं डोकं फिरायचं.

"मामा, सगळ्यात आधी सेल कुणी पाहिला?"

दिवाणावर रजईत बसलेल्या अंबादासमामानं पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "रॉबर्ट हूक. सोळाशे पासष्ट. बुचाचा पातळ काप. पण त्यानं पाहिल्या त्या मेलेल्या पेशी होत्या. आत काहीच नव्हतं, नुसत्या भिंती. परीक्षा संपल्यावर आमच्या मुनिरक्यात खोल्या रिकाम्या पडतात ना, तशा."

अंबादास परभणीहून यूपीएससी करायला आला होता आणि दर रविवारी मुनिरक्याहून जेवायला यायचा. त्याला पेशीबद्दल सगळं माहीत होतं. फक्त त्यानं ती कधी पाहिली नव्हती.

"मला खोल्या नकोत," सृष्टी वैतागून म्हणाली. "मला आत राहणारे पाहिजेत. हलणारे, खाणारे, एकदम जिवंत!"

"मग दही बघ की. चमचाभर दह्यात जेवढे जीव हायेत तेवढी सगळ्या दिल्लीत माणसं नाहीत."

सृष्टी उडालीच. मग दोघांची नजर एकदम कोपऱ्यात गरम हवा सोडणाऱ्या ब्लोअरकडे गेली. तिथे स्टुलावर भाऊसाहेबांची जुनी तपकिरी माकडटोपी होती आणि टोपीत चांदीची वाटी होती. वाटीत होतं आजीचं विरजण.

आता हे विरजण म्हणजे काही साधं दही नाही. कुमुदआजी लग्न होऊन वाईहून दिल्लीला निघाली, तेव्हा गाडीत सगळा वेळ तिच्या मांडीवर एक डबा होता आणि डब्यात माहेरचं विरजण. तेव्हापासून रोज रात्री त्याच विरजणाचं दही लागत आलं. दिल्लीच्या थंडीत ते गारठू नये म्हणून जानेवारीत त्याला माकडटोपी. इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक घरात आजीनं त्यातलं चमचाभर दिलं होतं आणि देताना बजावलं होतं, "मरू देऊ नका हं." आणि आज धाकटी लेक प्रणिता, गुरुग्राममध्ये नवं घर मांडलेली, सासूला घेऊन जेवायला येणार होती. जेवण झालं की सगळ्यांसमोर प्रणितानं ते विरजण चमच्यानं ढवळायचं, कोमट दुधात घालायचं आणि आपल्या घरी न्यायचं. या घरातली लेक संसार मांडते तेव्हा असंच करतात.

"एक थेंब घेते फक्त," सृष्टी कुजबुजली.

"अगं, पण आजी..."

"आजी पुऱ्या लाटतेय. एक थेंब, यार!"

वाटी टोपीतून मायक्रोस्कोपशेजारी आली आणि एक थेंब काचेवर गेला. त्यावर मेथिलीन ब्लूचा थेंब पडला. फिश टँकचं सामान विकणाऱ्या दुकानातून तिनं ही निळी बाटली खास आणली होती, कारण या रंगानं सेल उठून दिसतात. सृष्टीनं डोळा लावला, चक्र फिरवलं, आणि ती ओरडलीच.

"मामा! माळा! मण्यांच्या माळा! आणि मधे मधे काड्या! मामा, पळ, ये!"

"न्यूक्लियस आहे का बघ! नसणार! जिवाणूत केंद्रक नसतं, मी सांगतो ना! सरक, सरक, मला बघू दे!"

रजईसकट उठलेल्या अंबादासचं कोपर बाटलीला लागलं. बाटली आडवी झाली. टप, टप, टप, थेट उघड्या वाटीत.

वाटीतलं विरजण आधी ठिपक्याठिपक्यांचं झालं. सृष्टीनं घाबरून चमच्यानं ठिपके काढायला घेतले, तर ते पसरले, आणि बघता बघता अख्खी वाटी आकाशासारखी निळी झाली.

"तुझं कोपर!" सृष्टी दातओठ खात म्हणाली.

"तूच बोलावलंस ना, पळ, ये म्हणून!"

"बाकीचं दही कुठंय?"

"कढीत. आजीनं सकाळीच उकळली." अंबादासनं तिच्या हातातला चमचा घेऊन सवयीनं चाटला. "म्हणजे त्यातल्या सगळ्या पेशी गेल्या."

"मामा! तो चमचा!"

अंबादासनं जीभ बाहेर काढून डोळे तिरपे करून पाहिलं. जीभ निळीशार. त्यानं ती आत घेतली आणि ओठ मिटले. गेली तीन वर्षं जो माणूस झोपेतही राज्यघटनेची कलमं बडबडायचा, तो गप्प बसला.

सृष्टीनं निळी वाटी परत टोपीत खुपसली आणि जॅकेट चढवलं. "आजी, मी जरा मामाला मेट्रो स्टेशन दाखवून आणते!"

"अगं, तो मेट्रोनंच येतो ना?" आतून आवाज आला. तोवर दोघं जिना उतरली होती.

सृष्टीचा प्लॅन सोपा होता. मंडळातल्या सगळ्यांकडे वाईचंच विरजण होतं. वाटीभर मागून आणायचं, खतम. पहिलं घर विजयाकाकूंचं.

"विरजण? बिल्कुल आहे! थांब हं," म्हणत काकूंनी फ्रिज उघडला आणि पाठ वळवून बराच वेळ खुडबुड केली. सृष्टीची नजर बारीक. काकूंच्या कोपराखालून तिला प्लास्टिकचा डबा दिसला, कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथवर मिळतो तो.

"काकू, हे तर बूथचं आहे."

काकूंनी हळूच दार लोटलं. "मेलं गं ते. आम्ही नैनितालला गेलो होतो ना, तेव्हा यांनी वीज वाचवायला फ्रिजच बंद केला. आता बूथवरून आणते आणि कुमुदताई यायच्या असल्या की स्टीलच्या वाटीत काढून ठेवते. तुला तुझ्या आजीची शपथ, बोलू नकोस!"

दुसरं घर गिरिजामावशींचं. त्या एकदम खुशीत. "अगं, लागेल तेवढं ने! माझ्याकडे अस्सल वाईचं आहे. मधे माझं संपलं होतं, तेव्हा मुद्दाम विजयाकडून आणलं."

सृष्टीनं मामाकडे पाहिलं. मामानं आकाशाकडे पाहिलं.

मग उरला बूथच. दह्याचा डबा अंबादासच्या जॅकेटमध्ये लपवून दोघं घरी आली, तर दारात पाहुण्यांच्या चपला! सृष्टी धावत ब्लोअरपाशी गेली, टोपी उघडली आणि तिथेच खिळली.

वाटीत पांढरंशुभ्र विरजण होतं.

"आजीनं बदललं," ती मामाच्या कानात म्हणाली. "तिला कळलंय. सगळ्यांसमोर फाडून खाणार ती मला."

अंबादासनं नुसती मान हलवली. बोलता येत नव्हतं.

जेवायला बसल्यावर प्रणिताच्या सासूबाई, विनयाताई, अंबादासशी बोलायला गेल्या. "तुम्ही यूपीएससी करताय ना? छान! कुठला विषय?"

"म्म," अंबादास म्हणाला.

"किती गंभीर मुलगा आहे," विनयाताई कौतुकानं म्हणाल्या. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे सृष्टीच्या आईच्या, हातातला डाव कढीत पडला.

मग आजी माकडटोपी घेऊन आली. अगदी दोन्ही हातांत, देवासारखी. वाटी काढली आणि जरा थबकली. "आज वर थोडी निळसर झाक दिसतेय का गं?"

"चांदीची असेल," विनयाताई सांभाळून घेत म्हणाल्या.

सृष्टीनं मान वर केली. म्हणजे आजीला काहीच माहीत नाही? मग वाटी बदलली कुणी?

प्रणितानं चमचा घातला आणि ढवळायला लागली. एकदा. दोनदा.

"आई," ती म्हणाली. "आई, हे निळं होतंय."

होतच होतं. चमच्याच्या मागून रंग वर येत होता आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते पांढरंशुभ्र विरजण पुन्हा आकाशासारखं झालं. प्रणिता किंचाळली. विनयाताईंची खुर्ची मागे सरकली. अंबादास दचकून उठला आणि त्याच्या जॅकेटमधून दह्याचा डबा धप्पकन ताटात पडला.

आजीनं निळ्या वाटीकडे पाहिलं. मग डब्याकडे. तिचा आवाज थंडगार झाला. "विकतचं दही माझ्या घरात कुणी आणलं?"

भाऊसाहेबांना कढीचा असा ठसका लागला की अंशुमनला त्यांची पाठ थोपटावी लागली. थोपटता थोपटताच तो ओरडला, "सृष्टी! यंत्र माळ्यावर!"

"थांबा ना सगळे!" सृष्टी टेबलावर हात आपटून ओरडली. तिच्या डोक्यात काहीतरी लखकन पेटलं होतं. "आजी, तू वाटी बदललीस? खरं सांग!"

"मी कशाला बदलू?"

"कुणीच नाही बदलली! मी सांडला रंग, ओके? निळं झालं. टोपीत ठेवलं, तर आपोआप पांढरं झालं. ढवळलं, तर परत निळं. ढवळल्यावर आत काय जातं? हवा! म्हणजे आतले ते सेल..."

"मेथिलीन ब्लू रिडक्शन टेस्ट!" अंबादास गरजला. निळी जीभ पाहून विनयाताईंनी पदर तोंडाला लावला, पण आता त्याला कोण थांबवणार! "दुधात जिवंत जंतू किती हायेत ते बघायची परीक्षा! जिवंत पेशी आतला ऑक्सिजन वापरून टाकतात, मग निळा रंग उडतो! ढवळलं की ऑक्सिजन परत! प्रीलिमला आला होता हा प्रश्न! मी चुकवला होता!"

"म्हणजे?" आजीनं विचारलं.

"म्हणजे ते श्वास घेतायत, आजी!" सृष्टी नाचायचीच बाकी होती. "थांब, दाखवते!"

तिनं वाटी टोपीत घालून ब्लोअरजवळ ठेवली. शेजारी वाटीभर कढी ठेवली आणि तिच्यातही निळे थेंब टाकले. हळदीमुळे कढी हिरवी झाली. पुऱ्या गार पडल्या, पण कुणी हललं नाही. विनयाताई पदर खोचून पुढे येऊन बसल्या. सृष्टीनं अलगद टोपी बाजूला केली, आणि चांदीच्या वाटीत खालून वर, ढगासारखं, पांढरं परत येत होतं. कढी हिरवी ती हिरवीच.

"उकळलेली ना ती," अंबादास म्हणाला. "मेलेली."

"आणि हे?" आजीनं वाटीकडे बोट दाखवलं.

"एकदम जिवंत," सृष्टी म्हणाली.

आजीनं वाटी उचलून छातीशी धरली. "वाईहून आणलं तेव्हापासून," ती एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. विनयाताईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. प्रणितानं हेच द्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा आजीनं तिला अट घातली, रंग पूर्ण उतरेपर्यंत नुसतं दूध विरजत राहायचं, खायचं नाही.

अंशुमन मायक्रोस्कोप उचलायला गेला तेवढ्यात आजी कडाडली, "खबरदार! मंगळवारी माझं विरजण शाळेत जाणार आहे. आणि उद्या ती निळी बाटली घेऊन मंडळातल्या घरोघरी जायचं. कुणी कुणी जिवंत ठेवलंय, बघतेच."

सृष्टीला विजयाकाकू आठवल्या आणि घाम फुटला. पण मग हसूच आलं. बूथचं दहीसुद्धा जिवंतच की! सगळे पास होणार होते.

पाहुणे गेल्यावर भाऊसाहेबांनी तिला बाल्कनीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"काय गं, तुझ्या त्या यंत्रातून, हा सेल वाईचा आणि हा बूथचा, असं ओळखू येतं?"

"नाही, आजोबा. मणी ते मणीच."

"आणि तो निळा रंग? तो सांगतो का?"

"तो फक्त जिवंत आहे की नाही ते सांगतो."

"नक्की?"

"नक्की. का?"

भाऊसाहेबांनी मोठा श्वास सोडला. "काही नाही. तुझ्या जन्माच्याही आधी आजी महिनाभर वाईला गेली होती. मी इथे एकटा. शेवटची वाटी उरली होती, आणि त्या दिवशी खिचडी फार छान झाली होती गं."

सृष्टी बघतच राहिली. "आजोबा! म्हणजे तेव्हापासून हे सगळं..."

भाऊसाहेबांनी घाईघाईनं कवळी काढून खिशात टाकली आणि आपणहून मोठ्ठा आ केला.