सीपीयूची उत्तरपूजा

टिंग टिंग करत घंटा वाजली आणि घरातली शांतता मोडली. पोळी लाटता लाटता अपूर्वा थबकली. देवांची पूजा तर पहाटेच आटोपली होती. मग सासरे ही घंटा कुणापुढं वाजवतायत?

बाहेर येऊन बघते तो काय! मॉनिटरला झेंडूची माळ, माउसवर शेवंतीचं फूल, सीपीयूला अष्टगंधाचा टिळा आणि कीबोर्डच्या फटीफटीत कुंकवाच्या ओल्या अक्षता.

"अप्पा, हे काय?"

"खंडेनवमी नाही का आज!" वेणीमाधवगुरुजी प्रसन्न हसले. पंचवटीत त्यांनी ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा सांगितली होती. घरच्या सुनेचं हत्यार कसं सोडतील? "तूच शिकवलंस ना, सीपीयू म्हणजे मेंदू? म्हणून पहिलं गंध त्याला. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. विश्रांती!"

"पण अप्पा, माझा तास आहे!" अपूर्वा घड्याळाकडं बघत म्हणाली. लेकीच्या, स्वानंदीच्या जन्मानंतर सुटलेली नोकरी, आणि इतक्या वर्षांनी मिळालेलं हे पहिलं काम: इंदिरानगरच्या महिला मंडळाला ऑनलाइन संगणकाची तोंडओळख. आजचा तास आवडला तरच पुढचा वर्ग तिचा. आणि तास आता सुरू व्हायचा होता.

"अगं, मग आधी सांगायचंस की!" अप्पा म्हणाले. "काळजी नको. उत्तरपूजा करू, देवाला निरोप देऊ, की तू मोकळी."

उत्तरपूजा म्हणजे पुन्हा अक्षता. उरल्यासुरल्या फटीही त्यांत बुजल्या. मग मूर्ती हलवतात तसा गुरुजींनी सीपीयू भक्तिभावानं उत्तरेकडं सरकवला. वायर तेवढी दक्षिणेलाच राहिली.

पडदा काळा. सकाळपासून टाइप केलेला, सेव्ह न केलेला धडा देवाबरोबरच गेला.

"माझ्यामुळं गेलं ना गं?" अप्पांचा चेहरा इतका पडला, की तिला रागावताही येईना. तिनं मोबाइलवरून तास सुरू केला आणि कॅमेरा संगणकाकडं वळवला.

"अय्या, केवढा नटवलाय!" तिकडून बायकांचा गलका.

"आमच्या सासऱ्यांनी, गुरुजींनी पूजा केलीय. माळ घातलीय तो मॉनिटर," अपूर्वानं श्वास घेतला. "अक्षता आहेत तो कीबोर्ड. गंध लावलाय तो सीपीयू. आणि आत्ता वायर निघाली तेव्हा जे गेलं ना, ते रॅममध्ये होतं. वीज आहे तोवरच रॅमच्या लक्षात राहतं. हार्ड डिस्क मात्र सेव्ह केलेलं विसरत नाही."

"म्हणजे आमच्या सासूबाई हार्ड डिस्क!" एकजण ओरडली. "माझ्या लग्नातला मानपान अजून सेव्ह आहे!"

हसण्याचा भर ओसरला तशी मंडळाच्या राखीताई डोळे पुसत म्हणाल्या, "मॅडम, पुढचा वर्ग तुमचाच. गुरुजींनाही बसवा हो शेजारी!"

अप्पांची कळी खुलली. अपूर्वानं ऐटीत विचारलं, "कुणाला काही शंका?"

बायकांनी नकारार्थी माना हलवल्या. अप्पांच्या मांडीवरून मात्र स्वानंदीचा इवलासा हात वर झाला.

"आई, बाबा दुकानातून फोन करून विचारतात ना, 'काय आणायचं होतं गं?' मग आपले बाबा रॅम आहेत का?"