अर्ध्या लिंबाचा खुराक

गाईच्या लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग ठरायला चार सेकंद लागत. पहिल्या सेकंदाला ती नुसती ओली दिसे, दुसऱ्याला कडेने गडद होई, तिसऱ्याला जरा घोटाळे आणि चौथ्याला एकदाची ठरे. मग बायको ती डबीवरच्या रंगांच्या तक्त्याशेजारी धरून, एक डोळा मिटून, आकडा वाचे. "बांडी, साडेसहा. काळी, आठ." बांडीची पट्टी पिवळसर, काळीची हिरवट निळी. दोन्ही आकडे तारखेसकट गोठ्याच्या दारामागच्या फळ्यावर जात.

नवऱ्याला त्या चार सेकंदांचा मनापासून राग होता.

त्याला सगळे मालक म्हणत. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरने ते नाव पाडलं आणि ते चिकटलं. वास्तविक तो कशाचाच मालक नव्हता. आठ गाई, गोठा आणि खुराकाच्या खोलीची किल्ली सगळं वडिलांचं, म्हणजे आप्पांचं. गुडघे दुखू लागल्यापासून आप्पा गोठ्यात राबत नसत, पण यापुढे गोठ्याचा कारभार कोणाकडे, असा विषय निघाला की चार वर्षं त्यांचं एकच उत्तर होतं, "बघू." एकुलता एक मुलगा असल्यामुळे मालकाला त्या उत्तराची कधी धास्ती वाटली नव्हती. पण दोन महिन्यांपूर्वी बायको सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आली, आणि तेव्हापासून "बघू" म्हणताना आप्पांची नजर फळ्याकडे जाऊ लागली.

प्रशिक्षणाहून तिने एक वजनकाटा, पट्ट्यांची डबी आणि कडू क्षारांचं पोतं आणलं होतं. गाय व्यायच्या आधी तीन आठवडे हे क्षार खुराकातून द्यायचे, आणि कॅल्शियमची बाटली त्या तीन आठवड्यांत अजिबात पाजायची नाही, असं ती म्हणाली. मालक वीस वर्षं गाभण गाईंना बाटल्या पाजत आला होता.

"आधी कॅल्शियम मिळत राहिलं की गाईचं शरीर आळशी होतं," बायकोने सांगितलं. "हाडांतलं काढायची सवयच राहत नाही. व्याल्यावर दुधासाठी एकदम लागतं, तेव्हा मिळत नाही आणि गाय खाली बसते. या क्षारांनी रक्त जरासं आंबट होतं, हाडं कामाला लागतात. लागली की नाही ते लघवीवरून कळतं."

"काळीला आळशी म्हणायचं नाही."

"गेल्या वर्षी व्याल्यावर कोण बसलं होतं सहा तास?"

"थकली होती ती."

काळी आणि बांडी एकाच आठवड्यात व्यायच्या होत्या. तेव्हा वाटणी झाली. बांडी तिची, तिच्या पद्धतीने. काळी त्याची, त्याच्या पद्धतीने.

"माझ्या गाईच्या खुराकाला हात लावायचा नाही," मालकाने बजावलं.

"नाही लावत. पण पट्टी तरी लावू द्याल?"

"लाव की. लघवीवर काय माझं नाव लिहिलंय?"

इथेच तो फसला. कारण रोज सकाळी आप्पा काठी टेकत यायचे, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे आणि फळा वाचायचे. "बांडी साडेसहा. छान. काळी आठ." काळीच्या पुढे ते काही म्हणत नसत, नुसता श्वास सोडत. वीस वर्षांत मालकाच्या वाट्याला एकही 'छान' आलं नव्हतं. एकदा पहाटे अडलेलं वासरू त्याने सोडवलं होतं, तेव्हाही आप्पा म्हणाले होते, "दार लावून घे, वारा येतोय." आणि इथे एका कागदाच्या चिटोऱ्याला रोज सकाळी छान. शेजारच्या गोठ्यातली माणसंही आता त्याला ओलांडून तिलाच विचारू लागली. "वहिनी, आमच्या म्हशीला किती ग्रॅम?" मालकाला तिच्या वजनकाट्याचा हेवा वाटे, फळ्याला सुतळीने बांधलेल्या खडूचा वाटे. बांडीचासुद्धा वाटू लागला होता, आणि त्याची त्याला लाज वाटे.

चहा पिताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आंबट पदार्थाने पट्टी कशी होते गं?"

"आंबटाकडे गेली की पिवळी. फार आंबट झालं तर लाल. का हो?"

"काही नाही. माहिती असावी."

सकाळी ती दोन्ही गाईंच्या लघवीचे लहान कप खिडकीत ठेवायची, कासा धुवायला जायची आणि दहा मिनिटांनी परत येऊन पट्ट्या बुडवायची. मालकाला दहा मिनिटं पुरेशी होती. पहिल्या दिवशी त्याने काळीच्या कपात लिंबाचे चार थेंब टाकले. आकडा आठच आला. दुसऱ्या दिवशी भीड सोडून अर्धं लिंबू पिळलं. कपात बारीक बुडबुडे आले, क्षणभर फसफसले आणि बसले. पट्टी पिवळी झाली.

"काळी, साडेसहा," बायको म्हणाली आणि पट्टी उलटसुलट करून बघू लागली. "कपाला लिंबाचा वास येतोय."

"भांड्यांच्या साबणाचा."

आप्पांनी फळा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "पोत्याशिवाय साडेसहा? छान."

त्या एका शब्दावर मालक दिवसभर तरंगत होता. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्याने न विचारता सांगितलं की गाईला क्षार लागत नाहीत, माया लागते.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे जरा कमी आले आणि आकडा सहा आला. चौथ्या दिवशी तेवढंच अर्धं लिंबू, तेवढाच कप, पण बुडबुडा एकही नाही. मालकाच्या ते लक्षात आलं, मात्र विचार करण्याइतका वेळ नव्हता. चौथ्या सेकंदाला पट्टी लाल झाली.

बायकोचा चेहरा उतरला. तिने दुसरी पट्टी बुडवली. तीही लाल. "चार. अहो, चार आलंय. इतकी आंबट झालेली गाय उभी कशी राहील?"

काळी उभी होती, रवंथ करत होती आणि दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"पट्ट्या जुन्या झाल्या असतील," मालक म्हणाला.

"बांडीची बरोबर येते. दुपारी पुन्हा बघते. नाही उतरलं तर डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टर म्हणताच मालक स्वयंपाकघरात सोड्याची डबी शोधायला गेला. आंबट उतरवायचं तर त्याच्यावर उतारा सोडा, एवढं त्यालाही कळत होतं. दुपारी कप खिडकीत आला तसा त्याने चमचाभर खायचा सोडा टाकून काडीने ढवळला. पट्टी गर्द निळी झाली. नऊ.

बायकोने फोन लावला. पलीकडचं ऐकताना तिने डोळे मिटले होते. "हो डॉक्टर, सकाळी चार. आता नऊ. हो, एकच गाय." फोन ठेवून ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात असं गाईच्या पोटात होत नाही. येतायत ते. तोवर गाईला काही देऊ नका म्हणाले."

डॉक्टर तासाभरात गमबूट घालून आले. पोटात घालायची लांब नळी आणि बादली त्यांच्याबरोबर होती. ती नळी बघून मालक काळीच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिला. आप्पाही काठी टेकत येऊन दारात उभे राहिले. डॉक्टरांनी खिडकीतल्या कपाला हातही लावला नाही. काळीच्या मागे उभं राहून, शेपटीखाली जरासं चोळून, त्यांनी स्वतःच्या हाताने नवीन कप भरला आणि तिथेच पट्टी बुडवली. एक, दोन, तीन, चार.

पिवळी. साडेसहा.

"गाय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "क्षार चांगले लागू पडलेत. कोण देतंय?"

"हिला क्षार नाहीत," मालक म्हणाला. "ही माझी गाय आहे."

"क्षारांशिवाय ही साडेसहावर येणार नाही."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी देतेय. चार दिवस झाले. तुम्ही दुधाच्या गाडीशी असता तेव्हा, पेंडीत गूळ घालून. सकाळी लाल आली तेव्हा वाटलं, माझ्याच हातून जास्त पडले."

"हात लावायचा नाही ठरलं होतं," मालक म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही.

"ठरलं होतं. पण गेल्या वर्षी तिची मान मांडीवर घेऊन सहा तास बसला होतात तुम्ही. मला परत ते बघायचं नव्हतं. म्हटलं, उठू दे व्याल्यावर झटकन. नाव तुमच्या मायेचं झालं तरी होऊ दे."

डॉक्टरांना यातलं काही नको होतं. "मग सकाळी लाल का आली?"

काळीने नाक फुरफुरवलं.

"अर्धं लिंबू," मालक म्हणाला.

"गाईला पाजलंत?"

"कपात पिळलं."

"आणि दुपारची निळी?"

"सोडा. तोही कपातच."

डॉक्टर काही वेळ कपाकडे आणि काही वेळ मालकाकडे बघत राहिले. आप्पांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, ते खोकल्याने की कशाने, हे पाठीवरून कळत नव्हतं. बायको मात्र हसली नाही. ती बोटांवर हिशेब मांडत होती. "म्हणजे आधी क्षार लागू पडले नव्हते म्हणून अर्ध्या लिंबाने साडेसहा आलं," ती हळूच म्हणाली, "आणि क्षार लागू पडून लघवीच आंबट झाली, तशी त्याच लिंबाने लाल झाली. बरोबर आहे."

इतक्या वेळात तिने एकदाही 'तुम्ही असं का केलंत' विचारलं नव्हतं. तिने विचारलं असतं तर मालकाला बरं वाटलं असतं. चार दिवस दोघंही चोरून काहीतरी घालत होती. ती गाईच्या पेंडीत घालत होती आणि तो कपात. डॉक्टर आले नसते आणि काळी व्याल्यावर उभी राहिली असती, तर त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून स्वतःची पाठ थोपटून घेतली असती, हेही त्याला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट दिसलं. हेवा अजून होताच, पण आता तो कशाचा करायचा हे त्याला नीट कळलं होतं.

डॉक्टरांनी काळीची कास चाचपली, शेपटीच्या बाजूचे स्नायू दाबून पाहिले. "चार-पाच दिवसांत व्यायेल. व्याल्यावर पहिल्या तासात कॅल्शियमच्या जेलची एक ट्यूब तोंडातून, बारा तासांनी दुसरी. कोमट पाणी भरपूर. पहिल्या दिवशी सगळं दूध पिळून काढू नका. आणि तोवर क्षार एक दिवसही चुकवायचे नाहीत." हे सगळं त्यांनी वहीच्या पानावर लिहिलं, पान फाडलं आणि ते धरून तिघांकडे पाहिलं. "हे कोणाच्या हातात देऊ? गोठ्याचा कारभार कोणाकडे आहे?"

मालकाला सवयीने वाटलं, हात आपलाच पुढे जाणार. तो गेला नाही. बायको जमिनीकडे बघत होती. आप्पांनी काठीवरचा हात बदलला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. पुढचा शब्द कोणता येणार हे गोठ्यात सगळ्यांना माहीत होतं.

"बघू नका आता, आप्पा," मालक म्हणाला. "डॉक्टर, कागद तिला द्या. गोठा ती बघते."