कोपऱ्यातला आकडा

आमच्या कारखान्यात गणित फक्त मला येतं, असं माझं ठाम मत होतं. बाकीच्यांना आकडेमोड येते. विशेषतः तात्यांना. निवृत्तीला वर्ष उरलेला हा गृहस्थ संगणकापेक्षा शिसपेन्सिलीवर जास्त विश्वास ठेवायचा, यातच सगळं आलं.

क्रेनचा भार पेलणारा पोलादी कंस, म्हणजे ब्रॅकेट, तपासायचं काम माझ्याकडे आलं. आकार काटकोनी, आतला कोपरा धारदार. मी संगणकात त्यावर चौकोनांची जाळी टाकली आणि चौकोनाचौकोनातला ताण काढला. कोपऱ्यात तो जरा जास्त आला. चौकोन निम्मे केले, तर आणखी वाढला. जाळी एवढी बारीक करू नकोस, असं तात्या म्हणाले. नापास मुलाकडे पाहावं तसं मी त्यांच्याकडे पाहिलं आणि जाळी आणखी बारीक केली.

पाचव्या खेपेला आकडा पोलादाच्या ताकदीपलीकडे गेला. मी धावत मॅनेजरबाईंना गाठलं आणि क्रेन बंद करवली. तीन दिवस आठ माणसं लोखंड हाताने ओढत होती. अकरा वर्षं टिकलेला कंस आजच का तुटेल, असं फिटरने विचारलं. मी त्याला विज्ञान समजावलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

बाईंनी दुप्पट जाडीचा कंस तपासायला लावला. जाळी बारीक करताच संगणकात तोही तुटला. चौपट जाडीचाही तुटला.

"म्हणजे अख्खा कारखाना पोलादाने भरला तरी तुटेल?"

"हो," मी छातीठोकपणे म्हणालो.

बाईंनी तात्यांना बोलावलं.

"अरे, असल्या कोपऱ्यात समीकरणाचं उत्तर अनंताकडेच जातं, खऱ्या पोलादात तसं होत नाही," तात्या म्हणाले. "जाळी बारीक करशील तितका आकडा फुगणार. कंस बिचारा काय करील?"

कोपऱ्याजवळ उत्तर कसं वाढतं हे आधीच ठाऊक असतं. तेवढा भाग त्यांनी पेन्सिलीने वेगळा काढला. उरलेला गुळगुळीत भाग माझ्याच संगणकावर, अगदी जाड जाळीने, सोडवला. दुपारपर्यंत उत्तर हातात. कंस तिप्पट भारही पेलणार होता. क्रेन सुरू झाली. आठही जणांनी जाताजाता मला नीट पाहून घेतलं.

संध्याकाळी बायकोने ऑफिसचं विचारलं. गणितात एक गंभीर चूक सापडली, असं मी सांगितलं.

"कोणाची?"

मी म्हटलं, जेवण फारच छान झालंय. ती अजून कांदा चिरत होती.