काट्यावरचा कम्प्युटर

तातेराव मामांनी नवा कम्प्युटर आणून आठ-दहा दिवस झाले होते, पण खोकं उघडायची त्यांची हिंमत होत नव्हती. भाचेसून दैवशाला कम्प्युटर इंजिनिअर, पुण्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, शिवाय काम जालन्यातल्या घरी बसून करते, म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला पैसे कशाला द्यायचे, असा त्यांचा साधा विचार होता. भाचा कल्याण शाळेत मास्तर; त्याला दिवाळीची सुट्टी लागली तशी त्यांनी त्याला फोन लावला. राजूरच्या गणपतीला याच, आणि तसंच पुढं काट्यावर येऊन सूनबाईंकडून तेवढं मशीन बसवून द्या, म्हणाले.

मामांचा वजनकाटा भोकरदनच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच होता. जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी प्लेट, शेजारी पत्र्याची कॅबिन आणि कॅबिनच्या खिडकीतून बाहेर येणारा मामांचा हात. मक्याचा हंगाम होता. भरलेली ट्रॉली प्लेटवर चढायची, कम्प्युटर वजन टिपायचा, पावती छापायचा, आणि ट्रॅक्टर पलीकडच्या व्यापाऱ्याकडे माल उतरवायला जायचा. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं.

दर्शन परतताना घेऊ, असं ठरवून दोघं आधी काट्यावर आली. दुपारची वेळ होती, प्लेट रिकामी होती. दैवशालानं कॅबिनमध्ये पाऊल टाकलं आणि ती दारातच थांबली. कोपऱ्यात नवं खोकं होतं, त्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. टेबलावर एक जुना कम्प्युटर चालू होता. पांढऱ्याचा चहासारखा पिवळा झालेला डबा, त्यावर फुगीर काचेचा मॉनिटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. खाली फ्लॉपीची चीर. बाजूला छिद्रांच्या पट्टीचा कागद ओढणारा प्रिंटर. मधूनच डब्याच्या पोटातून गुरगुर येत होती.

दैवशालानं नकळत चप्पल काढली.

"राहू द्या चप्पल," मामा म्हणाले. "खाली मक्याचा भुसा हाये सगळा."

पण तिला ऐकूच आलं नाही. ती कम्प्युटर शिकली ती जालन्यात, मस्तगडच्या एका क्लासमध्ये. तिथं पोरं चपला बाहेर काढून, हात धुऊन आत जायची, कारण यंत्राला धूळ चालत नाही असं सर सांगायचे. त्यानंतर तिच्या हातून कितीतरी कम्प्युटर गेले. दर तीन-चार वर्षांनी कंपनी नवा द्यायची, जुना कुठं जायचा ते कुणी विचारत नव्हतं. आणि इथं, मक्याच्या भुशात, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला कम्प्युटर अजून कामावर होता.

"मामा, हा बंद नाही पडला कधी?"

"लाइट गेली की पडतो. आली की उठतो," मामा म्हणाले. "त्याला काय धाड भरली? पण पोरगं म्हणतं, आता नवीन घ्या. म्हणून घेतला. हा जाईल भंगारात."

निदान बंद करण्याआधी ऑफिसच्या पोरांना एकदा दाखवावा, असं दैवशालाच्या मनात आलं. पोरं म्हणजे तिच्या हाताखालचे विशी-पंचविशीतले प्रोग्रॅमर. ती कधी फ्लॉपीची, कधी काळ्या पडद्याची गोष्ट सांगायला लागली की पोरं कौतुकानं ऐकायची, पण त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणी राक्षसांच्या गोष्टी ऐकताना असतो तो भाव असायचा. तिनं प्रीतीला व्हिडिओ कॉल लावला. प्रीती तिच्या टीमची सगळ्यात हुशार पोरगी. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळं तिच्यामागं इजहार होता आणि इजहारच्या मागं आणखी चारपाच डोकी.

फोनचा कॅमेरा टेबलाकडे वळला तसा पलीकडचा गलका बंद झाला.

"ताई, हा चालू आहे?" इजहारनं हळूच विचारलं, कुणी झोपलं असावं तसं.

तिनं वजनाच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडायला एस्केप दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात सी, दोन टिंबं, तिरकी रेघ आणि लुकलुकणारी एक बारीक खूण उरली. पुण्यात कुणीतरी मोठा श्वास घेतला. दैवशालाच्या बोटांनी सवयीनं हल्लीच्या कम्प्युटरची आज्ञा टाइप केली. पडद्यानं उत्तर दिलं, बॅड कमांड ऑर फाइल नेम, म्हणजे असली आज्ञा मला ठाऊक नाही.

पलीकडं आनंदाची लाट उसळली. त्या पोरांनी हे वाक्य टी-शर्टवर पाहिलं होतं, कपांवर पाहिलं होतं. यंत्र ते मनापासून म्हणतं, हे आज पहिल्यांदाच दिसत होतं. प्रीतीनं तिला तो पडदा पुसू नका अशी विनंती केली आणि फोटो काढून घेतला.

एवढ्यात पुंजाराम आले. मामांचे जुने गिऱ्हाईक, मक्यानं शिगोशीग भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टर प्लेटवर चढवून त्यांनी खिडकीत हात केला. मामांनी दोन मिनिटं थांबायला सांगितलं, सूनबाई कम्प्युटर तपासून राह्यल्यात म्हणाले. आपली भाचेसून तपासते आहे याचा त्यांना अभिमानच वाटत होता.

दोन मिनिटांत परत वजनावर यायचं म्हणून दैवशाला घाईत होती, पण इजहारला फ्लॉपी पाहायची होती. तिनं मामांना विचारलं. टेबलाच्या खणात उदबत्तीचा पुडा, सुतळी, जुना चष्मा आणि त्याखाली एक निळी फ्लॉपी निघाली. तिनं ती फुंकली आणि चिरेत सरकवली. खट्ट. त्या आवाजानं तिच्या अंगावर काटा आला. तिनं ए ड्राइव्ह मागितला, म्हणजे यंत्राला फ्लॉपी वाचायला सांगितली. आतून करकर असा घासल्यासारखा आवाज आला, बराच वेळ आला, आणि पडद्यावर उमटलं, अबॉर्ट, रीट्राय, फेल?

पुण्यातली पोरं आता खुर्च्यांवरून उठली होती. शेजारच्या टीमचीही माणसं आली होती. कुणीतरी म्हणालं, हा प्रश्न आपण आयुष्यात पाहू असं वाटलं नव्हतं. उत्तर काय द्यायचं यावर त्यांचा वाद लागला. प्रीती रीट्राय म्हणत होती, इजहार फेल. दैवशालानं आधी रीट्राय दिलं. करकर. पुन्हा तोच प्रश्न. मग फेल दिलं. यंत्रानं थोडा विचार केला आणि ते गप्प झालं. कुठलंच बटण ऐकेना.

पुंजारामांच्या मागं दोन ट्रॉल्या लागल्या होत्या. कल्याणनं बाहेर डोकावून पाहिलं आणि बायकोच्या कानाशी येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. दैवशालानं ठीक आहे म्हटलं आणि तीन बटणं एकदम दाबून यंत्र नव्यानं सुरू केलं. पडद्यावर मेमरी मोजली जाऊ लागली, आकडा एकेक पायरी चढावी तसा वर चढत गेला. पोरं मोजणी बघत राहिली. आजकालच्या यंत्राला आपल्याकडं किती आहे हे मोजून सांगावंसं वाटत नाही. मोजणी संपली आणि दोन ओळी आल्या. नॉन-सिस्टम डिस्क ऑर डिस्क एरर. बदला आणि कुठलंही बटण दाबा.

फोनमधून टाळ्या आल्या.

दैवशालानं बटण दाबलं. करकर झाली, त्याच दोन ओळी पुन्हा आल्या. दुसरं बटण दाबलं. त्याच ओळी. आता तिला घाम फुटला. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही काहीतरी चुकल्याचं उमगलं असावं, टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी मिळून निदान सुरू केलं. एकाला वाटलं हार्ड डिस्क गेली. एकाला आतली बॅटरी गेली असावी असं वाटलं. एकानं त्या काळचं पुस्तक इंटरनेटवर शोधायला घेतलं. हार्ड डिस्क गेली असेल तर प्रोग्रॅम गेला, आणि तो लिहिणारा माणूस कधीच परदेशी निघून गेला होता, हे मामांनी मघाशी बोलता बोलता सांगितलं होतं.

"सूनबाई," मामा म्हणाले, "गेला का हो?"

मामा टेबलाला टेकून उभे होते. भंगारात जाईल म्हणणारे हेच मामा, पण आता त्यांचा हात त्या पिवळ्या डब्याच्या डोक्यावर होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

बाहेर रांग रस्त्यावर आली होती. जालन्याहून आलेली एसटी रांगेमागं अडकली आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. प्रवासी खाली उतरले, आणि उतरलेच आहोत तर काय झालं ते पाहावं म्हणून कॅबिनच्या खिडकीशी जमले. पुंजाराम ट्रॅक्टरवरून खाली आले. त्यांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग दैवशालाकडं.

"ताई, भोकरदनकडून आभाळाची फळी धरून राह्यली," ते म्हणाले. "व्यापारी निघून जाईल. मका भिजला तर तो हातबी लावत न्हाई मंग."

ते चिडले नव्हते. तेच तिला जास्त लागलं. एक चांगला चाललेला कम्प्युटर आपण मजेसाठी मोडला आणि आता या माणसाचा हंगाम आभाळाखाली उभा आहे. तिला रडू यायला लागलं. कोपऱ्यातला नवा उघडून उपयोग नव्हता, त्यावर वजनाचं काहीच नव्हतं, आणि ते लिहून काट्याला जोडायला तिला आठवडा तरी लागला असता.

"ताई," फोनमधून प्रीतीचा आवाज आला. "एकदा शेवटचं चालू करा ना. आम्हाला तो आवाज तरी ऐकू द्या नीट."

कुणी मरणाच्या दारी असताना त्याचं बोलणं ऐकून घ्यावं, तसं ते होतं. दैवशालानं खिडकीशी जमलेल्या लोकांना गप्प राहायची खूण केली. काय आहे ते कुणालाच कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्याकडं पाहून एसटीचे प्रवासीसुद्धा गप्प झाले. तिनं कम्प्युटर बंद केला, फोन डब्याजवळ धरला आणि बटण दाबून तो पुन्हा चालू केला.

पंखा फिरला. मेमरी चढली. मग करकर, करकर, घासल्यासारखी.

तिनं डोळे मिटून ऐकलं. छान होता आवाज. पण तो खालून, पोटातून येत नव्हता. समोरून, त्या चिरेतून येत होता. हा कम्प्युटर हार्ड डिस्ककडं जातच नव्हता. आपण फ्लॉपी आत विसरलो होतो, आणि जुना नोकर जसा दारातल्या पाहुण्याला आधी विचारतो, तसा तो बिचारा दरवेळी आधी फ्लॉपीला विचारत होता आणि फ्लॉपी काहीच सांगत नव्हती. त्या काळातल्या कुणालाही हे आधी सुचलं असतं. तिलाही सुचलं असतं, ती त्या काळातली राहिली असती तर.

तिनं फ्लॉपी काढली आणि एक बटण दाबलं.

पोटातून गुरगुर आली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या, हिरवी चौकट उभी राहिली आणि चौकटीत आकडा आला. प्लेटवर उभ्या असलेल्या पुंजारामांच्या ट्रॉलीचं वजन होतं ते. मधल्या काळात काय घडलं याचा त्या यंत्राला पत्ताच नव्हता. प्रिंटर किंचाळत पावती छापू लागला. फोनमध्ये पाहिलं तर पोरं ओळीनं उभी होती, आणि इजहारनं कपाळाला हात लावून त्या यंत्राला सलाम केला.

पुंजाराम पावती घेऊन निघाले. मागोमाग रांग सरकली, एसटी गेली. पाऊस आला तोवर सगळ्यांचा मका आत पडला होता.

गडबड संपल्यावर दैवशालानं मामांची माफी मागितली. आता हा बंद करू आणि नव्यासाठी आठवड्याभरात प्रोग्रॅम लिहून आणते, म्हणाली. मामा डब्यावरची धूळ उपरण्यानं पुसत होते.

"नको," ते म्हणाले. "ह्योच राहू द्या."

"मामा, हा फार जुना झालाय. आज वाचला, उद्या खरंच जाईल. सुटे भाग मिळत नाहीत याचे."

"तुमचे पुण्याचे इंजिनिअर त्याच्यापुढं उभे राह्यले, मी डोळ्यानं पाह्यलं," मामा म्हणाले. "मला आजवर म्हाईत नव्हतं माझ्या काट्यावर कोण बसलंय ते."

मग दैवशाला तासभर बोलली. जुनी यंत्रं कशी दगा देतात, कशी कालबाह्य असतात, आठवणींवर धंदा कसा चालत नाही, हे तिनं मुद्द्यांनिशी सांगितलं. आपण हे सगळं ज्याच्याविरुद्ध बोलतो आहोत त्याच्याकडे तिला मान वर करून बघवत नव्हतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवा कम्प्युटर पोराला हिशोबाला देऊन टाकतो म्हणाले. त्यांनी एकच अट घातली. त्याचं आजारपण सूनबाईंना आवाजावरून कळतं, म्हणून रोज सकाळी काटा उघडताना ते फोन करणार, आणि कम्प्युटर नीट उठला का ते तिनं ऐकून सांगायचं. तोवर पहिली ट्रॉली प्लेटवर चढणार नाही.

दुसऱ्या दिवशी नेमका मीटिंग सुरू होताना मामांचा फोन आला. दैवशालानं मीटिंगमधला आपला माइक बंद केला आणि फोन कानाला लावला. पडद्यावर प्रीती कामाचं काहीतरी सांगत होती. मामांची अट तिला ठाऊक होती; ती मधेच थांबली.

"ताई, भोकरदनचा फोन आहे का?" तिनं विचारलं. "मग माइक कशाला बंद केलात? आम्हालाही ऐकू द्या ना."

दैवशालानं माइक चालू करून फोन त्याच्याजवळ धरला. पुण्यात कुणीतरी खिडकी लावून घेतली. पंखा फिरला, मेमरी मोजली जाऊ लागली, आणि मोजणी होईपर्यंत एकही जण बोलला नाही.