भावाच्या बाजूला

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका चाकाचा तुटका दात शोधत होता.

"दादा, लाँड्रीत ये. गिऱ्हाईक अंगावर आलंय. आजच्या आज दुकानाला टाळं लावायला लावतो म्हणतंय."

चूक कुणाची, हे घड्याळजीने विचारलं नाही. घोड्यावरच्या बंदूकवाल्यांचे जुने सिनेमे त्याने जन्मभर श्वास रोखून पाहिले होते. त्यांत भाऊ कधी विचारत नाही. येतो आणि शेजारी उभा राहतो. बाकीची दुनिया नाती फक्त लग्नपत्रिकेत छापते.

आणि त्यांत कुणी पळतही नाही. म्हणून तो भर दुपारी रस्त्याच्या अगदी मधून, हात अंगापासून जरा लांब धरून, सावकाश निघाला. मागे बस अडली, बसमागे टेम्पो. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागले आणि त्याचा चेहरा पाहून गप्प झाले. काही उतारू उतरून मागोमाग आले. लाँड्रीपाशी पोचेपर्यंत त्याच्यामागे तीसेक माणसं होती.

दारात पाठमोरं उभं असलेलं गिऱ्हाईक वळलं. घड्याळजीचा सासरा. फोनवर हे कळलं तर दादा येणार नाही, अशी धाकट्याची खात्री होती.

"बरं झालं आलात, जावईबापू. चार वाजता ऑफिसात माझा निरोपसमारंभ. हे घालून जाऊ?"

त्याने उंच धरलेल्या कोटाच्या पाठीला इस्त्रीच्या आकाराचं भोक होतं. त्यातून पलीकडचा भाऊ दिसत होता.

पण सिनेमातला कायदा म्हणजे कायदा. काउंटरला वळसा घालून घड्याळजी भावाशेजारी उभा राहिला.

"मामा, हा माझा भाऊ आहे."

तेवढ्यात गर्दीतून त्याची बायको आली. बापाने तिलाही फोन केला होता. तिनंही काही विचारलं नाही. बापाला खेटून उभी राहिली.

"आणि हे माझे बाबा."

घड्याळजी बघतच राहिला. तसला सिनेमा लागला की ही झोपायची. पण तेच उभं राहणं, तीच नजर. त्याच्या अंगावर काटा आला.

धाकटा काउंटरखालून वाकून निघाला आणि वहिनीशेजारी जाऊन उभा राहिला.

"अरे, तू कुठं चाललास?"

"दादा, आई गेल्यावर मला वहिनीनंच वाढवलंय."

असा नेम घड्याळजीने पडद्यावरही पाहिला नव्हता. भारावल्यासारखा तोही पलीकडे गेला आणि भावाच्या बाजूला उभा राहिला.

चौघं एका ओळीत. समोर नुसती गरम इस्त्री.

सासऱ्याने ओळीकडे पाहिलं, मग रिकाम्या काउंटरकडे.

"मग आता मी भांडायचं कुणाशी?"