ठराव क्रमांक एक: तेज स्वीनीला वेळ द्यावा

मेलबर्नमध्ये दुपारचे दोन वाजतात तेव्हा निपाणीत सकाळचे साडेनऊ झालेले असतात.

चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. पडल्यावर कुठल्या बाजूला उसळायचं हे तो जमिनीवर आल्यावर ठरवतो.

‘एम टू’ म्हणजे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या सत्रातला गणिताचा पेपर.

‘कन्नड, मराठी, इंग्रजी टायपिंग. मजकुरातल्या चुका न सांगता दुरुस्त करून मिळतील. परशराम, कचेरीसमोर.’

जर्सी सात आल्या होत्या. त्यातली एक लहान मुलाची निघाली.

मारुतीराव महिनाअखेरीला बेळगावला जाऊन कॉलेजातून दाखला काढणार होते. दाखला त्यांचा नव्हता.

*

निपाणीत ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे सहा चाहते आहेत. बोरगावचा विक्रम मेलबर्नला एका गोदामात कामाला लागला आणि पहिल्या सुट्टीत येताना वॉरबी पेलिकन्स या संघाच्या जर्सी घेऊन आला. जर्सी आधी आल्या, निष्ठा नंतर आली. अंगात घातल्यावर खेळ समजून घेणं भाग होतं. एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू लाथेनं मारला तरी चालतो, मुठीनं मारला तरी चालतो. मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण. नेम जरासा चुकून शेजारच्या खांबांतून गेला, तरी एक गुण.

या शेवटच्या नियमानं मंडळाचे अध्यक्ष मारुतीराव बरेच दिवस अस्वस्थ होते. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा देश चालतो कसा, हे त्यांना कळेना. मारुतीराव निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो प्रगतिपुस्तकांवर ‘अधिक परिश्रमांची गरज’ असा शेरा मारला होता. पहिल्या आलेल्या मुलांनाही तोच.

त्यांची मुलगी तेजस्विनी, वय एकोणीस, बेळगावला अभियांत्रिकीला होती आणि खासबागेत एका हॉस्टेलवर राहत होती. ती ‘एम टू’मध्ये दोनदा नापास झाली. दाखला तिचा काढायचा होता. तिला परत आणून निपाणीतच बी.ए.ला घालायचं, असं मारुतीरावांनी ठरवलं होतं. तेजस्विनीला आणखी एक वर्ष हवं होतं. तिनं ते फोनवर मागितलं. मारुतीरावांनी घड्याळात बघून ‘न्हाय’ म्हटलं, कारण सामना सुरू होणार होता.

*

त्या गुरुवारी मेलबर्नच्या एका वर्तमानपत्रात तेज स्वीनीबद्दल लेख आला.

तेज स्वीनी हा पेलिकन्सचा एकोणीस वर्षांचा खेळाडू. तिकडे त्याला ‘टाज’ म्हणतात. पण तो वेगानं पळतो, म्हणून निपाणीनं त्याला तेज केलं. लेखात लिहिलं होतं की स्वीनीचा विकास थांबला आहे, दोन हंगामांत अपेक्षित सुधारणा दिसलेली नाही, त्याच्याच वयाचे इतर कुठल्या कुठे पोहोचले आहेत, आणि त्याला आता राखीव संघात पाठवावं.

रविवारी सकाळी मारुतीरावांच्या गच्चीवर तातडीची सभा भरली. सहाही सभासद हजर होते. जर्सी सक्तीची होती.

“विकास थांबला म्हंजे?” मारुतीराव कडाडले. “एकोणीस वर्षाचं पोर हाय त्ये! ह्या वयात विकास थांबतोय व्हय? ह्या वयात तो दिसत नसतोय, आत चालल्याला असतोय!”

चिटणीस अमरदीप बँकेत अधिकारी. त्याला दोन्ही बाजू मांडायची सवय आहे. “सर, आकडं बी बघाय पायजेत. मागच्या चार मॅचमधी पोरगं निस्तं पळतंय. चेंडू हिकडं, ह्यो तिकडं.”

“तू कुणाच्या बाजूचा रं?”

“मी बाजूचा न्हाय, सर. मी चिटणीस.”

सुविधा आक्का सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्यांनी जर्सीची बाही सारखी केली आणि म्हणाल्या, “आकडं ऱ्हाऊ देत अमरदीप. त्येच्या आईनं ह्यो पेपर वाचला आसंल का न्हाय? चारचौघांत पोराच्या चुका मोजायच्या, त्येला कसलं परीक्षण म्हंतासा?”

“आक्का, लाखाची बात!” मारुतीराव म्हणाले. “आन तुलना! दुसऱ्या पोराशी तुलना केली की पोरगं संपतंय. मी चौतीस वर्षं…”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मारुतीराव गच्चीच्या कोपऱ्यात गेले.

“काय गं? … न्हाय म्हंजे न्हाय. … सुविधा आक्कांची पारमिता बघ, पहिल्या झटक्यात डॉक्टरकीला लागली. ती काय वेगळं खाती? … दोन वेळा संधी दिली, आता किती? ठेव.”

ते परत येऊन खुर्चीत बसले. “तर मी काय म्हणत हुतो? हां. तुलना.”

इतिवृत्तात या फोनची नोंद ‘अध्यक्ष दोन मिनिटं घरगुती कामासाठी बाहेर’ अशी आहे.

*

निषेधाचा ठराव करून मेलबर्नला पाठवायचं ठरलं. मसुद्यावर फक्त एका शब्दाला अडलं.

“‘राखीव संघात घालू नये’ असं नगं,” अमरदीप म्हणाला. “राखीव हा शब्द बघितला की गावातली निम्मी माणसं न वाचता विरोध करत्यात आन निम्मी न वाचता सही. कोन वाचत न्हाय. आमी ह्यो शब्द लई वर्सं वापरतोय, आमाला म्हाईत हाय.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं सुविधा आक्का हसल्या. मग ‘राखीव संघात घालू नये’ खोडून ‘सध्याच्या ठिकाणाहून हलवू नये’ असं घातलं. ऑस्ट्रेलिया हा शब्द ठरावात नव्हता. जे सभासदांना माहीत आहे ते ठरावात लिहून जागा अडवायची नाही, अशी मंडळाची पद्धत होती. आदरापोटी सगळीकडे ‘यांना’ आणि ‘यांच्या’ लिहिलं होतं.

मग अमरदीपनं विचारलं, “आपलं मंडळ नोंदणीकृत हाय का?”

नव्हतं. नोंदणी नसलेल्या मंडळाचं मत म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा, यावर एकमत झालं. बाराव्या मिनिटाला एकमत झालेला हा मंडळाच्या इतिहासातला पहिला मुद्दा.

नोंदणीच्या कचेरीतल्या कारकुनानं कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि ‘नाळे बन्नी’ म्हणाला. म्हणजे उद्या या. आणि उद्या येताना ठराव कन्नडमध्ये आणा.

अमरदीप परशरामकडे गेला. परशरामचे वडील कचेरीसमोर मोडी कागद वाचून द्यायचे. परशराम दोन भाषांच्या मधल्या टेबलावर बसतो. त्यानं मजकूर वाचला. ‘तेज स्वीनी’ असं तोडून लिहिलेलं नाव बघून त्याला वाईट वाटलं. शिकलेली माणसं, बँकेत काम करतात, आणि मुलीचं साधं नाव धड लिहिता येत नाही. त्यानं मधली जागा काढली, वेलांटी ऱ्हस्व केली, ‘यांना’चं ‘तिला’ केलं, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे काही न सांगता कन्नड करून दिलं. एकोणीस हा आकडा बरोबर होता. तो त्यानं तसाच ठेवला.

कारकुनानं कन्नड प्रत वाचली आणि पहिल्यांदाच मान वर केली. “चांगलं काम हाय. पोरींच्या विकासाचं मंडळ आमच्याकडं आजून एक बी न्हवतं. पण ‘दोन हंगाम’ म्हंजे कुठला हंगाम? तंबाखूचा का उसाचा?”

“मार्च ते सप्टेंबर,” अमरदीप म्हणाला. ‘पोरींच्या’ हे त्याला ‘पोरांच्या’ असं ऐकू आलं होतं.

“तसला हंगाम हिकडं नसतोय. उसाचा धरतो.” आणि त्यानं शिक्का मारला.

*

प्रमाणपत्र टपालानं आलं तेव्हा तेजस्विनी शनिवारची घरी आली होती. पाकीट तिनंच फोडलं. सोबत कचेरीनं परशरामकडून पुन्हा मराठीत करून घेतलेली प्रत होती:

ठराव क्र. १. तेजस्विनी, वय १९, हिच्या विकासाबाबत.
(अ) तिला किमान दोन हंगाम (ऊस) वेळ द्यावा.
(आ) तिची तिच्या वयाच्या इतरांशी तुलना करू नये.
(इ) तिच्या चुका चारचौघांत मोजू नयेत.
(ई) तिला सध्याच्या ठिकाणाहून हलवू नये.
सूचक व अध्यक्ष: मारुतीराव. ठराव एकमताने मंजूर.
टीप: पहिल्या ठरावाची अंमलबजावणी तीस दिवसांत झाल्याचं पत्र न दिल्यास मंडळाची नोंदणी रद्द होईल.

तिनं ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला, जयाबाईंना, वाचून दाखवलं. जयाबाईंनी हात पुसले, प्रमाणपत्र चौकटीत बसवायला स्वतः दुकानात नेलं आणि अर्ध्या तासात दारासमोरच्या भिंतीवर ठोकलं.

मारुतीराव फिरून आले. चप्पल काढताना त्यांची नजर भिंतीवर गेली. दुसरी चप्पल बराच वेळ पायातच राहिली.

“ही चूक हाय,” ते म्हणाले.

“कुठल्या कलमात, आप्पा?” तेजस्विनीनं विचारलं.

“नावात! त्यो पोरगा हाय, ऑस्ट्रेलियाचा!”

“त्येचं वय एकोणीस. माझं बी एकोणीस. त्येला दोन हंगाम जमलं न्हाय, मला दोनदा पेपर.”

“त्येचं येगळं. त्यो आपला कोण लागतोय?”

“म्हंजे आपला कोण लागत नसला की वेळ द्यायचा व्हय?”

मारुतीरावांनी यावर तातडीची सभा बोलावली.

*

अमरदीपनं नियम वाचून दाखवला. ठराव रद्द करता येतो. मात्र संबंधित व्यक्ती वेळ देण्यास पात्र का नाही, याची लेखी कारणं सूचकानं स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावी लागतात. रद्द केला नाही आणि अंमलही केला नाही, तर नोंदणी जाते. नोंदणी गेली की मेलबर्नला पत्र जात नाही. आणि पत्र गेलं नाही तर तिकडे तेज स्वीनीची बाजू घेणारं कुणी राहत नाही.

“त्यात काय अवघड हाय?” मारुतीराव म्हणाले आणि तिथंच कागद घेऊन लिहायला बसले. चौतीस वर्षांचा हात. थांबला नाही, खोडलं नाही. कागद अमरदीपकडे दिला.

अमरदीपनं मोठ्यानं वाचलं: “विकास थांबला आहे. दोन सत्रांत अपेक्षित सुधारणा दिसलेली नाही. तिच्याच वयाचे इतर कुठल्या कुठे पोहोचले आहेत.” तो थांबला. फोन काढला, काहीतरी शोधलं, पुन्हा कागद बघितला.

“सर.”

“काय?”

“ह्यो त्या मेलबर्नवाल्याचाच लेख झालाय. निस्तं ‘हंगामा’च्या जागी ‘सत्र’.”

खाली जयाबाईंनी फोडणी दिली, तिचा ठसका वरपर्यंत आला, तरी कुणी खोकलं नाही.

“इतर म्हंजे माझी पारमिता न्हवं?” सुविधा आक्का म्हणाल्या. “रोज फोनवर रडत्या ती. ‘आई, न्हाय जमत, घरी येते’ म्हंती. मी तिला काय सांगते म्हाईत हाय का, सर? तेजस्विनी बघ, नापास झाली तरी कशी टिकून ऱ्हायलीया.”

तेजस्विनी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हे तिला नवीन होतं. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी कुणाची तुलना करत होतं. तिला ती कलम ‘आ’चा भंग वाटली नाही.

मारुतीरावांनी कागद परत घेतला. घडी केली, आणखी एक घडी केली, ती जर्सीच्या खिशात घालायला गेले. जर्सीला खिसा नव्हता.

“आप्पा,” तेजस्विनी म्हणाली, “तीन मार्कांनी गेलाय पेपर. बाजूच्या खांबातनं.”

इतिवृत्तात पुढची नोंद अशी आहे: ‘अध्यक्षांनी घसा खाकरला. ठराव कायम. अंमलबजावणीचं पत्र अध्यक्षांनी सही करून दिलं. चहा झाला.’

*

मेलबर्नला पत्र गेलं. सोबत ठरावाची शिक्क्याची प्रत, परशरामनं केलेल्या इंग्रजीसह, जोडली होती, कारण जोडपत्राशिवाय पत्र पाठवायला अमरदीपचं मन होईना. तीन आठवड्यांनी त्या लेखकाचं उत्तर आलं. विक्रमनं ते फोनवरून मराठीत सांगितलं: ‘आपण उल्लेख केलेल्या तेजस्विनी या खेळाडूवर आम्ही कधीही टीका केलेली नाही. ती आमच्याकडे खेळत असल्याचंही आम्हाला माहीत नव्हतं. तिला शुभेच्छा. तिला जरूर वेळ द्यावा.’

मंडळानं हा आपला विजय मानला. पेढे वाटले. आता गावातली पोरं परशरामकडे ठरावाचा कोरा नमुना मागायला येतात. त्यानं नावाची जागा मोकळी ठेवलेल्या प्रती काढून ठेवल्या आहेत. आईबापांपैकी अजून कुणी नेलेला नाही. ते येतात, वाचतात, ‘भारी लिवलंय, शेजाऱ्यांना दावाय पायजे’ म्हणतात आणि जातात.

इथवर आलेल्या वाचकाला एक गोष्ट विचारावीशी वाटत असणार: ते सगळं राहू दे, पण शेवटी पोरगी ‘एम टू’मध्ये पास झाली का? हा प्रश्न मेलबर्नच्या त्या वर्तमानपत्राकडे पाठवावा. त्यांच्याकडे अशा प्रश्नांसाठी दर गुरुवारी अर्धं पान राखून ठेवलेलं असतं.

तेजस्विनी पहिल्यांदा बेळगावला राहायला गेली त्या दिवशी हॉस्टेलची लिफ्ट बंद होती, आणि तिची गादी मारुतीरावांनी स्वतः डोक्यावर घेऊन तीन जिने वर नेली होती.